हलक्या दिवसाचे बूट

आठवड्याला ३० किलोमीटर धावणारा माणूस वर्षाकाठी दीड हजार किलोमीटर धावतो. पावसाळा संपता संपता साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन आणि जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन असा त्याचा नेम धरला, तर त्यातले शर्यतीचे किलोमीटर भरतात ४२. उरलेले साडेचौदाशे तो तळजाईवर, शिवाजी पार्कच्या कट्ट्याला वळसे घालत, रंकाळ्याच्या काठाने किंवा सोसायटीमागच्या रस्त्यावर, उजाडायच्या आत, कुणी बघत नसताना धावतो. तरीही बुटांबद्दलची जवळजवळ सगळी चर्चा त्या ४२ किलोमीटरांची असते. कोणत्या बुटात कार्बनची पट्टी आहे, कोणता २०० ग्रॅमच्या आत बसतो, विक्रमवीराच्या पायात काय होतं, यावर तासन्‌तास खल होतो. रोजचे बूट मात्र सेल लागला म्हणून, रंग आवडला म्हणून, नाहीतर दुकानदाराने घाबरवलं म्हणून घेतले जातात.

हा क्रम उलटा हवा, असं माझं म्हणणं आहे. बूट निवडायचे ते रोजच्या धावण्यासाठी, आणि त्यातही आठवड्यातल्या सर्वांत संथ धावण्याला डोळ्यांपुढे ठेवून. पण निवडताना एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: शरीराला विसावा मिळतो तो वेग कमी केल्यामुळे, तळव्याखालच्या फोममुळे नव्हे. बाजारात हल्ली ‘रिकव्हरी शूज’ नावाचा वेगळा कप्पा आहे. त्या कप्प्यातली वस्तू बहुधा चांगलीच असते. तिच्यावरची चिठ्ठी तेवढी दिशाभूल करते.

ही दिशाभूल कशी घडली हे कळायला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या एका प्रशिक्षकाची कारकीर्द पाहावी लागते. बिल बॉवरमन यांनी ओरेगन विद्यापीठात सुमारे दोन तपं धावपटू घडवले. कारखान्यातून येणारे बूट त्यांना जड वाटत, म्हणून ते स्वतः बूट शिवायला शिकले आणि आपल्या मुलांच्या पायांची मापं घेऊन त्यांच्यासाठी बूट बनवू लागले. १९६४ साली फिल नाइट या आपल्या माजी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी जी कंपनी काढली, तीच पुढे नायकी झाली. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पत्नीच्या वॉफल भाजायच्या साच्यात रबर ओतलं आणि त्यातून चौकटीचौकटींचा हलका, पकड घेणारा सोल निघाला. ही कथा आता दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि ती खरी आहे.

याच बॉवरमन यांचं दुसरं काम तितकं सांगितलं जात नाही. रोज जास्तीत जास्त आणि रोज जोरात धावणं म्हणजेच मेहनत, असं मानलं जात असताना त्यांनी एक कठीण दिवस आणि त्यामागून एक हलका दिवस असा पायंडा पाडला. हलक्या दिवशी कुणी चोरून जोरात धावलं तर ते चिडत. केनी मूर हा त्यांचा शिष्य असाच हट्टी होता. तीन आठवडे मी सांगेन तेवढंच आणि सावकाशच धावायचं, नाहीतर संघातून बाहेर, असा दम त्यांनी त्याला भरला. मूरने कुरकुरत ऐकलं आणि त्यानंतरच्या दोन मैलांच्या शर्यतीत आपली वेळ मोठ्या फरकाने सुधारली. हाच मूर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौथा आला, आणि पुढे लेखक होऊन त्याने आपल्या गुरूचं चरित्रही लिहिलं.

१९६२ साली बॉवरमन न्यूझीलंडला गेले तेव्हा त्यांना आर्थर लिडियार्ड भेटले. लिडियार्ड ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ. त्यांचे पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग हे दोन शिष्य १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं घेऊन गेले होते. स्नेलची शर्यत ८०० मीटरची, तरीही लिडियार्ड त्याच्याकडून महिनोन्‌महिने लांब पल्ल्याचं, दम न लागणारं धावणं करून घेत. त्याच सुमारास त्यांनी शहरातल्या पोक्त, सुटलेल्या मंडळींनाही संथ धावण्याची गोडी लावली होती. त्यांच्याबरोबर बॉवरमन एकदा धावायला गेले आणि सत्तरी उलटलेल्या एका आजोबांनीही त्यांना मागे टाकलं. मायदेशी परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीने जॉगिंगवर पुस्तक लिहिलं आणि १९६७नंतर अमेरिकेत ते घरोघरी वाचलं गेलं.

म्हणजे ज्या माणसाने आधुनिक बुटाला आकार दिला, त्यानेच हलक्या दिवसालाही प्रतिष्ठा दिली. पुढच्या ५० वर्षांत मात्र या दोन गोष्टींचं नशीब फार वेगळं निघालं. सोलचं पेटंट घेता येतं, दरवर्षी त्याची नवी आवृत्ती काढता येते, जाहिरात करता येते. सावकाश धावा, हा सल्ला फुकट असतो आणि फुकट सल्ल्याची जाहिरात कुणी करत नाही. बाजाराने मग हलक्या दिवसालाच बुटाच्या खोक्यात बंद केलं. आज ‘उद्या विसाव्याचं धावणं आहे’ असं म्हटलं की नवा धावपटू विचारतो, “त्यासाठी कोणते शूज घेऊ?” किती सावकाश धावू, हे तो विचारत नाही.

खरं तर आधी तोच प्रश्न विचारायला हवा. सावकाश वेगाने एक किलोमीटर धावताना साधारण हजार पावलं पडतात. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीएवढा भार पायावर येतो. आठ किलोमीटरच्या साध्या फेरीत एकेक पाय हा भार चार हजार वेळा झेलतो. नव्याने धावायला लागलेल्या माणसाचा दम काही आठवड्यांत वाढतो, कारण हृदय आणि रक्ताभिसरण लवकर सरावतं. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा यांना बळकट व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून तो वेग वाढवतो, आणि दोन-तीन महिन्यांनी नडगी, टाच किंवा गुडघा हिशेब चुकता करतो. हलका दिवस असतो तो या मागे राहिलेल्या अवयवांना गाठू देण्यासाठी. त्या दिवशी अंतर पदरात पडतं, पण भार माफक राहतो.

विसाव्याच्या धावण्याबद्दल एक समजूत पसरलेली आहे, की त्यामुळे पायात साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. पण जोरदार धावल्यानंतर रक्तात वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआपच पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुऊन काढायला ते शिल्लकच नसतं. दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे, आणि त्यावर उपाय झोप, जेवण आणि वेळ. विसाव्याच्या धावण्याचं खरं मोल इतकंच, की शरीराची दुरुस्ती चालू असतानाही त्यात अडथळा न आणता थोडा सराव करता येतो. अडथळा येऊ नये म्हणून वेग असा हवा की शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावं. मुंबईच्या दमट हवेत मे महिन्यात हा वेग आणखी उतरतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण उतरवणं जमत नाही. ग्रुपमधला एखादा पुढे सरकतो, मनगटावरचं घड्याळ किलोमीटरची वेळ दाखवतं, ॲपवर ती सगळ्यांना दिसणार असते. मग सहा जणांचा ‘इझी रन’ तिसऱ्या किलोमीटरपासून छुपी शर्यत होतो. अशा वेळी पायात जाड, उसळता फोम असेल तर तो मोहाला मदतच करतो. तळव्याला रस्ता टोचत नाही, पोटरीला लवकर ताण जाणवत नाही, आणि दोन गोष्टी एकदम घडतात: पाय खूश राहतात आणि वेग चढतो. मऊ बूट घातला म्हणजे विसावा घेतला, हा भ्रम इथून सुरू होतो.

मऊपणाबद्दल विज्ञान काय सांगतं, तेही नीट वाचलं पाहिजे, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतं. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण काहींना मऊ आणि काहींना टणक सोलचे बूट सहा महिने दिले गेले. कुणाला कोणता बूट मिळाला हे धावपटूंनाही ठाऊक नव्हतं आणि नोंदी घेणाऱ्यांनाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार टणक बुटात दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. मऊपणाच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. त्यातला एक उपनिष्कर्ष मात्र आपल्याकडच्या दुकानी सल्ल्याला छेद देतो. मऊ सोलचा फायदा प्रामुख्याने हलक्या वजनाच्या धावपटूंना झालेला दिसला. “तुमचं वजन जास्त आहे, जाड सोलचाच घ्या,” असं जे ठासून सांगितलं जातं, त्याला या अभ्यासाचा आधार मिळत नाही.

दुसरी बाजू अशी. जमीन मऊ लागली की धावणारा पाय नकळत जास्त ताठ होतो आणि जमीन टणक लागली की जास्त लवतो, हे १९९०च्या दशकातच दिसून आलं होतं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली नेहमीच्या बुटाची तुलना खूप जाड सोलच्या बुटाशी केली, तेव्हा वेगात धावताना जाड बुटातला टाच टेकतानाचा धक्का कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. सोलने जे झेलायचं ते झेललं, पण पायाने आपली लवचीकता आवरून घेतली. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर निष्कर्ष साधा आहे. रोजच्या बुटाला बऱ्यापैकी मऊ सोल हवा. त्यापुढे जाडी वाढवत नेली म्हणजे सुरक्षितता त्याच प्रमाणात वाढते, असं नाही.

मऊपणाहून मोठी भीती विकली जाते ती सपाट तळव्याची. ओला पाय फरशीवर टेकवायचा, ठसा बघायचा, मधला भाग भरलेला दिसला की “तुमचा पाय आत वळतो, स्टॅबिलिटी शूज घ्यावे लागतील.” मोठ्या दुकानात हेच काम ट्रेडमिल आणि कॅमेरा करतात. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात पायाचं आत वळणं रोखणारे बूट निघाले आणि पुढची तीसेक वर्षं सगळा बाजार उंच कमान, मध्यम कमान, सपाट कमान अशा तीन खान्यांत वाटला गेला. पाय कळपातून वेगळा काढावा आणि त्याला शिस्त लावावी, असा तो सगळा खटाटोप होता.

या वाटणीची परीक्षा अमेरिकी लष्कराने घेतली. भूदल, हवाई दल आणि मरीन कोअर या तिन्ही ठिकाणी प्रशिक्षणार्थींच्या एका गटाला तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांतलं दुखापतींचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना साधे, कसलंही नियंत्रण नसलेले बूट देऊन वर्षभर नोंदी ठेवल्या, तेव्हा आत वळणाऱ्या पायांना जास्त दुखापती झाल्याचं दिसलं नाही. याच्या उलट, फार आत वळणाऱ्या पायांना नियंत्रणाच्या बुटांचा फायदा झाल्याचं सांगणारा लक्झेंबर्गचाच एक अभ्यास आहे. म्हणजे असे बूट निरुपयोगी म्हणता येत नाहीत. पण ठसा पाहून दोन मिनिटांत दिलेला निकाल मात्र निराधार आहे.

आपल्याकडे तर ही भीती आणखीच विचित्र आहे. मंगळूरच्या डॉक्टरांनी १९९२ साली २,३०० मुलांच्या पायांची पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणापासून बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के होतं, अनवाणी वाढलेल्या मुलांत २.८ टक्के. बंद बुटांपेक्षा चपला-सँडल घालणाऱ्यांचे तळवे बरे होते. म्हणजे पायाला सतत आधार देत राहिल्याने तो बळकट होतो, ही समजूतच तपासून घ्यायला हवी. चपलांत वाढलेल्या मराठी पायाचा चवडा बहुधा ऐसपैस असतो. त्याला दुकानात सर्वांत जास्त गरज असते ती बोटांना मोकळी जागा देणाऱ्या रुंद मापाची, आणि नेमकं रुंद माप आपल्याकडे मागूनही सहज मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, मग बुटांचं एवढं स्तोम कशाला, अनवाणीच धावावं. २००९ साली आलेल्या ‘बॉर्न टु रन’ या पुस्तकाने मेक्सिकोतल्या तारावमारा लोकांची पातळ सँडलमधली धाव जगभर पोचवली आणि अनवाणी धावण्याची लाट आली. पाच बोटांचे पातळ बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आरोग्यविषयक दावे केले, ते सिद्ध करता आले नाहीत, आणि २०१४ साली तिने ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड करून ग्राहकांचा खटला मिटवला. रोमच्या दगडी रस्त्यांवर १९६०ची मॅरेथॉन अनवाणी जिंकणाऱ्या अबेबे बिकिलाचा दाखला नेहमी दिला जातो. चार वर्षांनी टोकियोत तो बूट घालून धावला आणि तीन मिनिटांहून अधिक वेळ वाचवून पुन्हा जिंकला, हे मात्र दाखला देणारे सांगत नाहीत.

आपल्याकडे बारामतीच्या लता करे यांचं उदाहरण आहे. नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी शर्यत जिंकणाऱ्या साठीच्या या बाईंवर चित्रपटही निघाला. पण त्या धावल्या पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या अनवाणी पायांत निसर्गाकडे परतण्याचं तत्त्वज्ञान शोधणं ही परिस्थितीची थट्टा आहे. अनवाणी पाय कणखर असतात, हे मान्य. पण तिशीपर्यंत ऑफिसच्या बुटांत राहिलेला पाय एका हंगामात तसा होत नाही, आणि पेव्हर ब्लॉक आणि फुटक्या बाटल्यांच्या रस्त्यावर तो प्रयोग करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाला शर्यतीचे बूट रोज वापरणारे आहेत. २०१७ साली नायकीने कार्बनची पट्टी आणि अतिशय हलका, उसळता फोम असलेला बूट आणला. प्रयोगशाळेत त्याने ऊर्जेची सरासरी चार टक्के बचत दाखवली आणि शर्यतींचं चित्र पालटलं. २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी सोलची जाडी ४० मिलिमीटर आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घालावी लागली. पण ही बचत मोजली गेली ती ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या खेळाडूंत. सात-साडेसात मिनिटांना किलोमीटर धावणाऱ्याला तिचा अगदी थोडा वाटा मिळतो. अशा बुटांच्या वापरानंतर पावलाच्या मधल्या हाडाला तडे गेल्याची काही उदाहरणं २०२३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. नोंदी मोजक्याच आहेत, त्यावरून घबराट माजवू नये. पण वीस हजारांचा, अरुंद टाचेचा, वळणावर डगमगणारा बूट सावकाश धावताना फारसा फायदा देत नाही, आणि पैसा मात्र रस्त्यावर घासला जातो.

मग निवडायचं कसं? कॅल्गरी विद्यापीठातले बेनो निग आणि त्यांचे सहकारी अनेक दशकांच्या संशोधनानंतर २०१५ साली एका साध्या जागी येऊन पोचले: धावणाऱ्याला जो बूट आरामदायी वाटतो, तोच त्याच्या शरीराच्या नैसर्गिक हालचालीला सोयीचा असण्याची शक्यता जास्त. हे वाचून कुणी म्हणेल, एवढं तर आजीनेही सांगितलं असतं. सांगितलं असतं, पण दुकानात उभ्या पायाला वाटणारा आराम आणि सहाव्या किलोमीटरला सुजलेल्या, घामेजल्या पायाला वाटणारा आराम यांत फरक आहे, आणि दुकानदार आपल्याला पहिलाच अनुभवू देतो.

म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दिवसभरात पाय किंचित फुगलेला असतो. धावताना घालता तेच मोजे न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून उभं राहावं आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते पाहावं. बहुतेकांना चालायच्या नेहमीच्या बुटापेक्षा अर्धं ते एक माप मोठं लागतं. चवडा कडांवर दाबला जाऊ नये, टाच मागे सरकू नये. दुकानाबाहेरच्या फूटपाथवर शंभर पावलं सावकाश पळून पाहावीत, आणि ती पळू न देणाऱ्या दुकानातून बूट घेऊ नयेत. टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. तो आठ-दहा मिलिमीटर असेल तर गुडघ्यावर थोडा जास्त भार येतो, तीन-चार असेल तर पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर. यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट असं काही नसतं. मात्र इतकी वर्षं एका उंचीची सवय असेल तर एका रात्रीत दुसरीकडे उडी मारू नये. आणि निवडताना मनात सावकाश वेग ठेवावा. जो बूट फक्त जोरात पळताना छान वाटतो तो रोजचा नव्हे.

‘विसाव्याचा’ म्हणून दुसरा जोड घ्यावा का? इथे माझं मत बाजारापेक्षा थोडं वेगळं आहे. दुसरा जोड घ्यावा, पण वेगळ्या कारणासाठी. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली, तेव्हा एकाहून अधिक प्रकारचे बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी आढळला. बूट कुणाला द्यायचे हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, त्यामुळे श्रेय पूर्णपणे बुटांना देता येत नाही; दोन जोड बाळगणारे मुळातच अनुभवी असू शकतात. तरी कारण पटण्यासारखं आहे. वेगळा बूट म्हणजे वेगळा भार, आणि रोज तोच स्नायू, तीच शिरा ताणली जात नाही. म्हणजे दुसरा जोड पहिल्यापेक्षा मऊ असण्यापेक्षा पहिल्यापेक्षा वेगळा असणं महत्त्वाचं. आणि महाराष्ट्रात त्याचं आणखी एक कारण जून ते सप्टेंबर असतं. भिजलेला बूट एका दिवसात वाळत नाही. कागदाचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावा लागतो. कडक उन्हात ठेवला तर गोंद सुटतो आणि फोम लवकर कडक होतो. ओल्या बुटात धावून पडलेले फोड आणि बुरशी यांवर दुसरा जोड हे सरळ औषध आहे. पावसाळी जोड निवडताना खालचं रबर मात्र बघून घ्यावं, कारण शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर उघडा फोम साबणासारखा घसरतो.

दुसऱ्या जोडाचं बोलताना पैशाचं बोलणं टाळता येत नाही. नऊ हजारांचा रोजचा बूट ६०० किलोमीटर टिकला तर दर किलोमीटरला १५ रुपये पडतात. बूट ५०० ते ८०० किलोमीटरांनी बदलावा असा संकेत आहे. पण तारीख आणि आकडा पाहण्यापेक्षा सोल एका बाजूला कलला आहे का, फोमवर न उलगडणाऱ्या सुरकुत्या पडल्या आहेत का, आणि बाकी काही न बदलता गुडघे अचानक कुरकुरू लागले आहेत का, हे पाहावं. गेल्या वर्षीचं मॉडेल यंदा बऱ्याच कमी किमतीत मिळतं आणि त्यात फरक बहुधा रंगाचाच असतो. नोकरदार, शहरी धावपटूला एवढा खर्च झेपतो. त्याने निदान तो योग्य क्रमाने करावा: आधी एक नीट बसणारा रोजचा बूट, मग वेगळ्या ठेवणीचा दुसरा, आणि शर्यतीचा, हौस उरलीच तर, शेवटी.

पण महाराष्ट्रात पहाटे धावणाऱ्यांत मोठी संख्या शहरी हौशी लोकांची नाही. तालुक्याच्या गावाबाहेर, हायवेच्या कडेला, शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्या काही मिनिटांवर नोकरी अवलंबून असते, म्हणून ही मुलं रोज, सहाही दिवस, चाचणी आजच असल्यासारखी धावतात. पायात कॅन्व्हासचे नाहीतर हजार-बाराशे रुपयांचे बूट. नडग्या दुखायला लागल्या की गरम पट्टा बांधतात आणि पुन्हा धावतात. कित्येकांची चाचणी या दुखण्यानेच हुकते.

त्यांना नऊ हजारांचा बूट सांगणं क्रूरपणाचं होईल. पण त्यांना सर्वांत उपयोगी पडेल अशी गोष्ट बॉवरमन आणि लिडियार्ड साठ वर्षांपूर्वीच सांगून गेले, आणि तिला पैसे लागत नाहीत: जोराच्या प्रत्येक दिवसानंतर एक दिवस असा धावा की बोलता येईल. शक्य असेल तर तो दिवस डांबरावरून मातीवर न्या. बुटाला पैसे थोडेच असतील तर फोमचं नाव आणि उड्या मारणारी जाहिरात सोडून फक्त माप बघा. बोटं मोकळी आणि टाच घट्ट असलेला स्वस्त बूट, चुकीच्या मापाच्या महागड्या बुटापेक्षा केव्हाही बरा.

भरतीच्या अकादम्या चालवणाऱ्या प्रशिक्षकांना आणि शहरांतल्या रनिंग क्लबांना माझी विनंती एकच आहे. आठवड्याच्या वेळापत्रकात हलका दिवस मोठ्या अक्षरांत लिहा, त्या दिवशी घड्याळं काढून ठेवायला लावा, आणि जो पुढे पळेल त्याला परत बोलवा. बूट कोणते घ्यायचे हा प्रश्न त्यानंतर निम्म्याहून जास्त सोपा झालेला असेल.